समोरच्याची झील

“मेला नाई ना अजून?”

सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच मी विचारलं. अंगणात सुपात तूर पाखडत बसलेल्या कुंताबाईनं मान वर केली, मला ओळखलं, आणि सूप असं आपटलं की मूठभर तूर कोंबड्यांच्या नशिबी गेली.

“लाज हाय का मास्तर तुमाले? सनासुदीच्या तोंडावर कोनाच्या दारात येऊन असं बोलते का कोनी?”

“सन आठ दिवसांवर हाय, म्हनूनच आलो. घरात हाय का थो?”

तो जाणार कुठे! आत खाटेवर ओणवा बसला होता, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढून. श्वास आत घेताना त्याच्या गळ्याच्या खळगीत लिंबू मावेल एवढा खड्डा पडत होता. हा देवळीचा चंद्रभान झाडे. कलगीवाला शाहीर, हुतूतूचा नावाजलेला गडी, वर्ध्याच्या एका साप्ताहिकात लिहिणारा लेखक, आणि या तिन्हींवर चूल पेटत नाही म्हणून जिनात रेच्यावर उभा राहणारा मजूर. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या रेच्यानं वीस हंगाम त्याच्या नाकातोंडात रुईची भुकटी भरली होती. आता ती छातीत घर करून बसली होती. डॉक्टरनं जिन सोडायला सांगितलं तेव्हा फार उशीर झालेला होता.

मला त्याची दया आली नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक काहीबाही बोलतात.

त्याच्या डोक्यावर, भिंतीच्या खुंटीला, आमचा डफ टांगला होता.

“पोळ्याच्या करीले चौकात दंगल हाय,” मी म्हटलं. “तुह्या नावानं विडा ठेवला म्या अण्णाजी पंचाकडे. उचलतो का?”

तो हसला. हसायलाही दम लागतो, म्हणून अर्ध्यात सोडून दिलं.

“मास्तर,” तो म्हणाला आणि थांबला. “तुले डफ पाह्यजे न? काढ खुंटीवरून. घेऊन जाय.”

“भीक मागाले नाई आलो मी.”

“भीक कायची? तुह्याच गुरूचा हाय.”

“म्हनूनच!” मी ओरडलो. “म्हनूनच तुह्या हातून फुकट नाई घेत. जिकून नेईन.”

ज्यांना आमच्याकडची कलगी-तुऱ्याची भांडणं, म्हणजे दंगली, ठाऊक नाहीत त्यांना हा वेडेपणा वाटेल. वाटू द्या. आम्ही तुरेवाले, शिव मोठा म्हणतो. ते कलगीवाले, शक्ती मोठी म्हणतात. एकानं डफावर सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत उभ्याउभ्या जवाब द्यायचा. जवाब सुचला नाही, किंवा जवाबाची शेवटची ओळ एका दमात पुरी झाली नाही, की हरला. हरलेल्याचा डफ जिंकणाऱ्याच्या घरी जातो. तो परत आणायचा तर त्याच माणसाला भर चौकात हरवून. दान म्हणून नाही, दया म्हणून नाही, चोरून तर नाहीच. आणि जिंकणारा मेला, तर डफ त्याच्या भिंतीला कायमचा. मग काशीला जाऊन आलात तरी उपयोग नाही.

तेव्हा गोष्ट सरळ होती. चंद्रभान मरायच्या आत मला त्याला हरवायचं होतं.

“तू मेल्यावर मी कोनाशी भांडू?” मी विचारलं. “तुह्या बायकोशी?”

“भांडा न!” कुंताबाई दारातून म्हणाली. “आत्ताच भांडा. हे सूप टाळक्यात घालीन तुमच्या. मानसाले दोन पायऱ्या चढवत नाई, अन् याइले दंगल पाह्यजे!”

चंद्रभाननं हात वर करून तिला गप्प केलं. बराच वेळ तो नुसता श्वास गोळा करत राहिला. मग म्हणाला, “येतो. पन सवाल जड टाकजो. कीव करून सोपा टाकला न मास्तर, तर थुकीन तुह्या तोंडावर अन् उठून जाईन.”

“कीव? तुही?” मी म्हटलं. “तू मेला तरी मी आंघोळ नाई करनार.”

सायकल घेऊन मी अल्लीपूरच्या वाटेला लागलो. वाटेत यशोदा नदीचं पाणी उतरेपर्यंत थांबावं लागलं, तेवढ्यात सवालाची पहिली ओळ सुचली. मी अल्लीपूरच्या प्राथमिक शाळेत मास्तर, नाव नरहर. पोरं मला मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे. त्याची फिकीर मी कधी केली नाही. आयुष्यात मी एकाच माणसाच्या बोलण्याची फिकीर केली, आणि तो हा.

आमचं वैर हुतूतूपासूनचं. सन चौतीसमध्ये अल्लीपूरचा आणि देवळीचा सामना झाला. आम्ही दोघंही तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे. तो एकटा आमच्यात शिरला. आम्ही पाच जणांनी त्याला धरला. कुणी कमरेला, कुणी मांडीला, मी घोट्याला. गडी पडला असं समजून आमचे लोक ओरडायलाही लागले. पण तोंडातलं ‘हुतूतू’ तुटेना. पाच जणांचं ओझं ओढत तो रांगत रेषेपर्यंत गेला, रेषेवर बोट ठेवलं, आणि मग कुठे श्वास घेतला. पाचही बाद. मी शेवटपर्यंत घोटा सोडला नव्हता, म्हणून तोंड दगडावर घासत गेलं. माझा समोरचा दात अर्धा तोंडात आहे, अर्धा देवळीच्या मैदानात आहे. सामना संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “पकड चांगली हाय तुही.” रक्त थुंकत असलेल्या माणसाला असं बोलतात का?

पुढे तो गायला लागला. छातीत असला दम असल्यावर काय, कुणीही गाईल! त्याचा आवाज खरखरीत होता, सूर कधीकधी हलायचा. पण शेवटची ओळ तो अशी लांबवायचा की ऐकणाऱ्यांचे श्वास अडकायचे. रचायचाही स्वतःच. जिनात गाठींवर बांधायच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या असतात, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचा. रेचा धडधडत असताना चाल मनात कशी राहते हे त्यालाच माहीत. मी शाळेत शांत वर्गात बसून लिहायचो, तरी माझ्या दोन ओळी व्हायच्या तेवढ्यात याची चार कवनं गावोगाव पोचलेली असायची.

आणि मग हा लेखक झाला. वर्ध्याच्या साप्ताहिकात जिल्ह्यातल्या गड्यांवर आणि गाणाऱ्यांवर लिहायला लागला. कुणी ज्यांचं नाव घेत नाही असे लोक. हिंगणघाटचा एक लंगडा पहिलवान, पुलगावची दळताना ओव्या रचणारी एक म्हातारी. चांगलं लिहायचा. मला कबूल करायला आवडत नाही, पण चांगलं लिहायचा. मी ते अंक कापून ठेवले आहेत, कारण शत्रू काय लिहितो ते जवळ असावं. एका अंकात त्यानं माझ्यावर लिहिलं. म्हाताऱ्या ओवीवालीला दीड रकाना, आणि मला एक ओळ: ‘अल्लीपूरचे नरहर मास्तर. आवाज चांगला, दम कमी.’

ती ओळ माझ्या शाळेत हेडमास्तरांनी वाचली, बाजारात न्हाव्यानं वाचली. माझ्या बायकोनं वाचून दाखवायला सांगितली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. सहा महिने मी पहाटे विहिरीत गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून दम वाढवला. सर्दीशिवाय काही वाढलं नाही.

एकोणपन्नास साली पोळ्याच्या करीला मी त्याच्यासमोर उभा राहिलो. माझे गुरू रामाजी तेव्हा सत्तरीचे होते. त्यांनी त्यांचा डफ माझ्या हातात दिला. चाळीस वर्षांत तो डफ कधी कुणाच्या घरी गेला नव्हता. चंद्रभाननं सवाल टाकला, मी जवाब दिला, जवाब बरोबर होता. शेवटच्या ओळीत मात्र माझा दम तुटला. एक शब्द राहिला होता, फक्त एक. पंच अण्णाजींनी हात वर केला, आणि गुरूंचा डफ देवळीत राहिला.

मी रिकाम्या हातानं अल्लीपूरला गेलो. रामाजींनी दार अर्धं उघडलं. “डफ आनशीन तवा तोंड दाखवजो,” म्हणाले, आणि दार लावलं. तीन वर्षांनी ते गेले. आमच्यात गुरूची तिरडी त्याच्या डफाच्या ठेक्यावर उचलतात. रामाजींची तिरडी मुकी गेली. मी मागच्या रांगेत चाललो होतो. कुणी मला पुढे बोलावलं नाही. त्या दिवसापासून मी चंद्रभानचं मरण मागत नव्हतो. त्याची हार मागत होतो. तो जगला पाहिजे आणि हरला पाहिजे, एवढंच. मध्यंतरी राज्य बदललं, नागपूरची राजधानी गेली, लोक चौकाचौकांत भांडले. मी म्हटलं, तुमचं चालू द्या, माझं भांडण ठरलेलं आहे.

करीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी देवळीत पोचलो तेव्हा पोरांनी मारबत काढली होती. कागद-चिंध्यांची ती भुतीण बांबूवर नाचवत, ‘इडापीडा, खोकला-खरूज घेऊन जाय गे मारबत!’ असं ओरडत गल्ल्या पालथ्या घालत होती. कुंताबाई दारात उभी होती. मला पाहून ती पोरांना म्हणाली, “अरे, हे एक मास्तर राह्यले न! याइलेबी घेऊन जा म्हना तिले.” पोरं हसली. मीही उलट बोलणार होतो, पण तिचे डोळे रडून सुजलेले होते. मी सायकलची घंटी वाजवून पुढे झालो.

दंगल दुपारी चौकात लागली. पाऊस उघडला होता, चिखलावर भुसा टाकला होता. माणसं दुकानांच्या ओट्यांवर, एसटीच्या टपावर, कडुनिंबावर. चंद्रभानला बैलगाडीतून आणलं. बैलांच्या शिंगांवर पोळ्याचा हिंगूळ अजून ताजा होता. गाडीतून उतरून चौकापर्यंतची वीस पावलं तो तीनदा थांबून चालला. मागे त्याचे दोन झीलकरी होते. झीलकरी म्हणजे शाहिराच्या मागे उभे राहून ओळीचं शेवटचं टोक उचलून धरणारे. शाहीर ओळ सोडतो, हे धरतात, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. त्यातला मोठा प्रेमदास पंधरा वर्षं त्याच्यासोबत होता. शेवटची ओळ मात्र शाहिरालाच संपवावी लागते, झील त्यानंतर.

अण्णाजी माझ्याकडे आले. पंच म्हणून त्यांनी तीस दंगली पाहिल्या होत्या. “मास्तर, अजून येळ हाय. मानूस मरून राह्यला. बरोबरी झाली म्हनून सांगतो मी लोकाइले. दोघाइचीबी इज्जत राहीन.”

“मंग डफ?”

“डफ राहीन तिथंच.”

“तर मंग सुरू करा,” मी म्हटलं.

“कसायापरीस बत्तर हायेस तू,” अण्णाजी म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.

इथे आणखी एक नियम सांगायला हवा. समोरच्या पक्षाची झील धरायची नाही. त्याच्या ओळीला तुम्ही सूर दिला, म्हणजे त्याचं म्हणणं मान्य केलं. तिथेच दंगल संपली, डफ खाली ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण गाणाऱ्याचा गळा फितूर असतो. चांगली ओळ कानावर आली की आपोआप गुणगुणतो. म्हणून रामाजी आम्हाला समोरच्याचं गाणं लागलं की सुपारीचं खांड जिभेखाली धरायला लावायचे. गुणगुणलं की सुपारी हलते, लक्षात येतं. मी वीस वर्षं सुपारी धरत आलो. त्या दिवशी सवाल टाकताना ती थुंकली, आणि परत ठेवली नाही. या माणसाची झील मी धरीन? मला त्याची गरजच वाटली नाही.

सवाल मी मुद्दाम श्वासावर बांधला होता. होय, मुद्दाम. जिथे दुखतं तिथेच मारायचं ठरवलं होतं.

‘नऊ दारांचं घर बांधलं, एकाही नाही कडी,
एक पाहुणा ये-जा करतो घडी घडी घडी;
कोण धाडते, कोण बोलवते, ठाव कुणा ना होतो,
सांग कलगीच्या गड्या, पाहुणा शेवटी कुठं जातो?’

सगळ्यांना कळलं. कडुनिंबावरून कुणीतरी मला आईवरून शिवी दिली. चंद्रभान मात्र खूश दिसला. मान हलवून म्हणाला, “जड हाय. बेस.”

त्यानं डफ छातीला लावला. हात तोच होता, थाप तीच होती. पण आवाज! खरखर तेवढी उरली होती, आणि तिच्या मागून शिट्टीसारखा श्वास ऐकू येत होता. तरी तो गायला. दोन दोन शब्दांवर थांबत, झीलकऱ्यांच्या आडोशानं श्वास चोरत.

‘नऊ महिने पोटी होतो, नव्हता माझा दम,
मायच्या श्वासावरती चाले माझा सारा क्रम;
तिनं धाडला पाहुणा, तीच उभी दारी…’

जवाब अचूक होता. कलगीच्या बाजूनं यापेक्षा चांगला जवाब असू शकत नाही. मी आठ दिवस घोटलेला सवाल त्यानं उभ्याउभ्या फोडला होता. आता एकच ओळ राहिली होती, ती एका दमात. ती तुटली की डफ माझा. चंद्रभाननं डोळे मिटले, खांदे वर ओढले, मिळेल तेवढी हवा आत घेतली. माझी बोटं माझ्या डफाच्या कडेवर आवळली गेली.

‘हाक येता तिची, पाहुणा फिरे…’

आणि दम तुटला. एक शब्द राहिला. फक्त एक.

त्याचं तोंड उघडं होतं, ओठ हलत होते, आवाज नव्हता. प्रेमदास घाबरून त्याला सावरायला पुढे झाला. ती ओळ चौकाच्या मधोमध लटकत राहिली.

‘…माघारी!’

कुणीतरी ती उचलली. खणखणीत, सुरात, आणि लांबवली. अशी लांबवली की दुकानांच्या पत्र्यांवरची कबुतरं उडाली, आणि तरी ती संपेना. मी इकडेतिकडे पाहिलं, कोण गातोय ते पाहायला. सगळा चौक माझ्याकडे पाहत होता. माझं तोंड उघडं होतं.

लोक म्हणतात मी दया केली. खोटं आहे. दया करायची असती तर सवाल सोपा टाकला असता, घरून डफ फुकट आणला असता, बरोबरी मान्य केली असती. मला तो डफ हवा होता. माझ्या गुरूंच्या शब्दासाठी हवा होता. पण शेजारणीच्या डोक्यावरून घागर घसरली तर भांडण आठवेपर्यंत हात पुढे गेलेला असतो, तसं झालं. वीस वर्षं मी त्या माणसाच्या ओळी तिरस्कारानं ऐकत होतो. त्या कुठे संपतात हे माझ्या गळ्याला पाठ झालं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

अण्णाजींनी सावकाश हात वर केला. कलगीच्या बाजूला.

मला वाटलं आता चंद्रभान हसेल. तो उठला. प्रेमदासचा हात झिडकारून माझ्यासमोर आला आणि माझ्या सदऱ्याची गळपट्टी धरली. त्याचे डोळे लाल झाले होते.

“काऊन धरली झील?” त्याला प्रत्येक शब्दाला श्वास घ्यावा लागत होता. “कोनं सांगतलं तुले? माहा दम तुटला होता. समद्याइनं पाह्यलं. बाद होतो मी. सीधा बाद!”

“चुकून धरली.”

“चुकून? तुनं मले हरूबी नाई देल्लं, मास्तर! हुतूतूत कोनी मले हात धरून रेषेवर नेलं नाई कदी. अन् तू…” पुढचं त्याला बोलता येईना. तो अण्णाजींकडे वळला. “निकाल फिरवा. मी हरलो.”

“नेम हाय,” अण्णाजी म्हणाले. “झील धरली त्यानं. मी काय करू?”

मी माझा डफ त्याच्या पायाशी ठेवला. नियमाप्रमाणे त्याला तो उचलावाच लागला. वाकताना तो पडतो की काय असं वाटलं, पण मी हात पुढे केला नाही. या वेळी नाही. गाडीत बसताना त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

माझ्या पक्षाच्या लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. रामाजींच्या घरासमोरून मी अजूनही सायकल हळू नेत नाही.

चंद्रभान दिवाळीनंतर गेला. जिनाचा हंगाम सुरू होऊन चार दिवस झाले होते. प्रेमदासनं सांगितलं, तिरडी त्याच्या स्वतःच्या डफावर उचलली. मी गेलो नाही. शाळेत परीक्षा होती. खरं म्हणजे परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. पुढच्याच शनिवारी साप्ताहिक आलं, त्यात त्याचा शेवटचा मजकूर होता. मरणाआधी सात-आठ दिवस लिहिलेला. त्यात असं होतं: ‘पोळ्याच्या करीला माझा दम तुटला. नियमाने मी हरलो. पंचांचा निकाल मला मान्य नाही. नरहर मास्तरांच्या दमाविषयी मी पूर्वी जे लिहिले आहे ते मागे घेत नाही. त्या दिवशी मात्र पुरला.’

मी ते वाचलं, आणि वर्गातल्या पोरांना बाहेर मैदानात पाठवून दिलं. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांच्या मास्तरला पोरांसमोर रडता येत नाही.

तेराव्याला देवळीला गेलो. पाहुणे पांगल्यावर कुंताबाईनं मला आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही. भिंतीला तीन डफ होते. रामाजींचा, माझा, आणि मधल्या खुंटीला त्याचा.

“घेऊन जा तुमचे दोन्ही,” ती म्हणाली. “मले काय करायचे? त्याच्यापायीच गेला थो.”

“जिकले हायत त्यानं. इथंच राह्यतीन.”

“तुमी अन् तुमचे नेम!” ती म्हणाली. मग रामाजींच्या डफाकडे बोट केलं. “आठ वर्सं शेकला तुमच्या म्हाताऱ्याचा डफ त्यानं. दर अमावशेले. धुरानं जीव घाबरा होये, खोकून खोकून लोळे. मी म्हनो, राहू द्या न, दुश्मनाचा हाय. तर म्हने, चामडं सैल पडलं तर मास्तर म्हनन, जपला नाई.”

मी रामाजींचा डफ खाली घेतला, एक थाप मारली. गुरूंच्या ओट्यावर ऐकली होती तशीच ती वाजली.

तेव्हापासून दर अमावास्येला शाळा सुटल्यावर, किंवा सुटी असली तर दुपारी, मी सायकलनं देवळीला जातो. पाऊस असला, यशोदेला पाणी असलं, तर दुसऱ्या दिवशी. कुंताबाई अंगणात शेणीचे निखारे काढून ठेवते. बोलत नाही. पाणी विचारत नाही, मीही मागत नाही. वैर मिटलेलं नाही, आणि मिटावं असं आम्हा दोघांनाही वाटत नाही. मी उकिडवा बसून एकेक डफ निखाऱ्यांवर फिरवतो. चामडं तापलं की रामाजींच्या डफावर एक थाप, माझ्या डफावर एक थाप. दोन्ही ठीक वाजले की खुंटीला.

गेल्या अमावास्येला ती पहिल्यांदा बोलली. “थो मधलाबी वाजून पाहा न एकडाव. आतून फाटला असन तर?”

“नाई,” मी म्हटलं.

तो डफ मी नीट शेकतो. कडेची धूळ पुसतो, कलगीचे गोंडे सरळ करतो. पण त्यावर थाप मारायचा हक्क मी कधी जिंकलेला नाही. म्हणून तो तसाच, न वाजवता, मधल्या खुंटीला अडकवतो आणि सायकल काढतो.